येऊ घातलेल्या आजारास अनावृत पत्र

आदरणीय गंभीर आजारसाहेब,



आपण अजून आलेला नाहीत. येणार की नाही, तेही ठाऊक नाही. पण आमच्याकडे तयारी सुरू आहे. माझी एक कोटीची टर्म पॉलिसी आहे, आणि तिला आपल्या नावाचा रायडर, म्हणजे जोडविमा, घ्यावा की नाही, हा प्रश्न सौ.च्या मामेभावाने, म्हणजे आमच्या विमा एजंटाने, रविवारी पोहे खाता खाता टाकला. "दाजी, तुम्ही गेलात तर एक कोटी, ठीक आहे. पण गेला नाहीत तर?" माझ्या जगण्याची एवढी काळजी घरात पहिल्यांदाच कुणी केली.

शंका मात्र रास्त आहे आणि जुनीही. १९६७ मध्ये केपटाउनला जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण झालं. ते करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे धाकटे भाऊ मारियस त्याच पथकात होते. रुग्ण वाचतो आणि घरी जाऊन कंगाल होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याच आग्रहातून १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गंभीर आजारांचा हा विमा निघाला. तेव्हा यादीत चारच नावं होती: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास. आता पन्नास-साठ आजारांची जाहिरात असते. त्यातली बरीचशी नावं आमच्या फॅमिली डॉक्टरांनाही पुस्तकात पाहावी लागतील.

हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेम भागवील हो. पण सहा महिने बिनपगारी रजा पडली, तर घराचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधं? मेडिक्लेमच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. रायडरचे पैसे एकरकमी हातात येतात आणि कशावर खर्च केले, हे कुणी विचारत नाही. इथवर मी अगदी राजी होतो. मग व्याख्यांचं पान वाचलं आणि आपल्याला पत्र लिहिणं भाग पडलं.

कारण आपण नुसतं येऊन भागत नाही. नियमात बसून यावं लागतं. विमा नियामकाने आपल्या मंडळींच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. हृदयाकडून येणार असाल, तर छातीतली कळ, ईसीजीतला नवा बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन, असे सगळे पुरावे बरोबर आणा. शस्त्रक्रियाच करायची, तर बायपास व्हावी. अँजिओप्लास्टी त्या व्याख्येत बसत नाही. पक्षाघात असाल, तर त्याच्या खुणा किमान तीन महिने टिकायला हव्यात. दुपारी वाकडं झालेलं तोंड संध्याकाळी सरळ झालं, तर घरचे पेढे वाटतील, कंपनी काही देणार नाही. कोमा ९६ तासांपेक्षा कमी नको. कर्करोगाचं तर विचारूच नका. जागच्या जागी असलेला, न पसरलेला सापडला, तर डॉक्टर म्हणणार नशीबवान आहात, आणि प्रमाणित व्याख्या म्हणणार, हा आमच्यात बसत नाही. सुरुवातीच्या टप्प्यासाठीही थोडी रक्कम देणाऱ्या योजना आहेत, पण ते छापील कागदावर शोधून घ्यावं लागतं.

पहिले ९० दिवस येऊ नका, तो प्रतीक्षाकाळ आहे. साखरेशी आपली जुनी ओळख असेल, तर ती मी प्रस्तावपत्रात लिहिली आहे. एजंट म्हणाला, "बॉर्डरलाइनच आहे, कशाला लिहिता?" दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण कशाला द्यायचं, म्हणून लिहिली.

खरी गोम पुढेच आहे. रायडर दोन जातींचे असतात. एकात आपण आलात की २५ लाख मिळतात, पण मूळ कोटीतून. मागे उरतात ७५. म्हणजे बायकोच्या डब्यातली पोळी मीच आधी खायची. दुसऱ्यात २५ लाख वेगळे आणि कोटी शाबूत. हप्ता अर्थातच जास्त. "यातला कुठला?" असं विचारल्यावर मेव्हण्याने पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं. नंतर कागद पाहिला, तर पहिलाच होता. जुन्या करप्रणालीत हप्त्यावर वजावट मिळते, हे मात्र त्याने न विचारता दोनदा सांगितलं.

तर निर्णय असा: रायडर घेतो, पण वेगळ्या रकमेचा आणि घराचं कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा. माझा पगार थांबला की चार माणसांचं थांबतं, एवढं कारण मला पुरे. एकटा असतो आणि गाठीशी दोन वर्षांचा खर्च असता, तर मेव्हण्याला पोह्यांवरच वाटेला लावलं असतं.

कळावे,
आपला अनिच्छुक यजमान

ता. क. निदान झाल्यावर मी ३० दिवस जिवंत राहायला हवं, अशी एक अट बारीक अक्षरात सापडली. काही कंपन्या १५ दिवसांवरही भागवतात, आमची नाही. एकोणतिसाव्या दिवशी गेलो, तर सौ.ला टर्मचे एक कोटी मिळतील, हे २५ लाख मात्र बुडतील. तेव्हा आलातच, तर महिनाभर जरा दमाने घ्या.