सुई नको, बाकी काहीही

आमच्या साताऱ्याच्या नानाकाकांना डॉक्टरांनी "आता गोळ्यांनी भागायचं नाही, इन्सुलिन घ्या" असं सुनावलं ते २००६ साली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत श्वासातून ओढायच्या इन्सुलिनला मंजुरी मिळाल्याची बातमी पेपरात आली. काकांनी ती कापून फायलीला लावली आणि डॉक्टरांनाच समजावलं, "सुई जायचीच आहे, मग मी कशाला टोचून घेऊ?"

त्या औषधाचं नाव एक्झुबेरा, कंपनी फायझर. भुकटी ओढायचं यंत्र उघडलं की टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढं व्हायचं. तिकडचे टवाळ लोक त्याला गांजाची चिलीम म्हणायचे. काकूंच्या कानावर हे गेलं मात्र, "अहो, व्याह्यांसमोर ओढणार का ते?" असा प्रश्न आला. गिऱ्हाइकांनाही तसंच काही वाटलं असावं, कारण ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने दुकान आवरलं आणि २८० कोटी डॉलरवर पाणी सोडलं. काका म्हणाले, "बघ, घाई केली असती तर?"

इन्सुलिनची साधी गोळी का निघत नाही, तर ते पडलं प्रथिन. गिळलं की पोट तुरीच्या डाळीसारखं पचवून मोकळं होतं. म्हणून १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, ते टोचणं अजून चालू आहे. काकांना हा इतिहास तोंडपाठ. "त्या पोराला पर्याय नव्हता," असा त्यांचा शेरा.

बरं, माणूस टोचण्याला भ्यावा, तर तेही नाही. रोज सकाळी काका ग्लुकोमीटर काढून बोटाच्या कडेला खटकन टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचे आणि २८० आकडा क्रिकेटच्या स्कोअरच्या थाटात जाहीर करायचे. तपासायला त्यांची ना नव्हती. पुढचं काही करायला होती.

मग अमेरिकेतल्या भाच्याने स्प्रिंगचं जेट इंजेक्टर आणलं. सुई नाही, बारीक छिद्रातून औषधाची चिळकांडी अशा वेगाने सुटते की ती कातडी भेदून आत जाते. दवाखान्यात आधी सलाइन भरून पाहायचं ठरलं. स्प्रिंग आवळताना काका घामाघूम. मग 'फट्ट' असा आवाज झाला आणि बाहेरच्या बाकावरचं एक मूल भोकाड पसरून रडू लागलं. निम्मं सलाइन पोटावरून ओघळून धोतरात गेलं, दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग. "दुखलं का हो?" मी विचारलं. "चांगलंच. पण सुई नव्हती!"

शेवटी पायाचं बोट चिघळलं आणि जेमतेम वाचलं. त्या दिवशी काकूंनी फाईल माळ्यावर टाकली आणि इन्सुलिनचं पेन हातात घेतलं. आताची सुई चार मिलिमीटरची, केसांशी स्पर्धा करणारी. काका डोळे मिटून, दात आवळून बसले. काकू मोठ्याने मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..." दहाला टोचणार या हिशेबाने काकांनी नवाला खंडोबाचा धावा सुरू केला. पण हे दहा टोचून झाल्यावर मोजायचे असतात, औषध बाहेर येऊ नये म्हणून. काकू केव्हाच कणकेकडे वळल्या होत्या.

तेव्हापासून काका सुईचे कडवे भक्त. पवईच्या आयआयटीत एरोस्पेसवाल्यांनी शॉक सिरिंज केली आहे: नायट्रोजनच्या दाबाने आवाजापेक्षा वेगवान धक्कालहर, तिच्या जोरावर औषधाचा फवारा, आणि इन्सुलिन देऊन उंदरांची साखर उतरलीसुद्धा. मी हौसेने सांगितलं, तर म्हणाले, "विमानवाल्यांनी विमानं करावीत." डिसेंबर २०२४ मध्ये अफ्रेझा या ओढायच्या इन्सुलिनला भारतातही मंजुरी मिळाली, यंत्र आता शिट्टीएवढं. पण ते दमेकऱ्यांना वर्ज्य आणि काका जुने दमेकरी, तेव्हा त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे.

हल्ली लग्नाच्या पंगतीत ते पानावर बसण्याआधी सदरा वर करून सर्वांदेखत टोचतात. कुठल्याच डॉक्टरांनी न लिहून दिलेलं एक कोष्टकही त्यांनी बसवलंय: मठ्ठा फुकट, जिलबीला दोन युनिट, बासुंदीला चार. परवा कराडला वाढपी बासुंदीचं भांडं घेऊन आला, तर काकूंनी हातानेच त्याला पुढे काढलं.

"अगं, चार युनिट वाढवतो ना!"

"कशाने? पेन माझ्या पर्समध्ये आहे."