जरा डोके चालवा

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीस रजा देऊन विद्यार्थ्याने ज्ञान स्वतः रचावे असे फर्माविले, आणि यथावकाश आमच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत ‘जरा डोके चालवा’ अशी चौकट अवतरली. तथापि उत्तरे गाइडात आयतीच छापलेली असल्यामुळे, ‘गावाला पाणी कोठून येते?’ या प्रश्नास अख्खा वर्ग एकमुखाने ‘धरणातून’ असे लिहितो, मग शाळेच्या फाटकाशी टँकर का उभा असेना. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमान्वये जनगणनेस जुंपता येणाऱ्या गुरुजींस घरोघर हिंडून प्रश्न विचारण्याचा सराव वस्तुतः दांडगा. परंतु तो मुलांसमवेत करावा, तर पोर्शन मागे पडतो. गुरुजींच्या साहाय्यार्थ प्रशिक्षणवर्ग भरतात खरे. तेथे प्रश्न कसे विचारू द्यावेत यावरील व्याख्यान संपेपर्यंत कोणी प्रश्न विचारू नये, अशी सक्त ताकीद असते.