आजींच्या हातावरचे डाग

इकडे ये गं जरा कुंपणाशी. कढीपत्ता तोडतेयस ना? तोड तोड, पण कान इकडे ठेव. परवा भिशीत काय कुजबुज चालली होती, ऐकलीस ना? कोपऱ्यावरच्या आजींच्या हातांवर काळेनिळे डाग आहेत, म्हणजे सून हात उगारत असणार! बोलणारी कोण, तर जिनं स्वतःच्या सासूला गावी ठेवलंय ती. जाऊ दे, तिचं पुराण पुन्हा केव्हातरी.

अगं, मी उभा जन्म सिव्हिलच्या वॉर्डात काढलाय. असे डाग उठायला सून कशाला हवी? भाजीची पिशवी मनगटाला अडकवली तरी पुरतं. वय झालं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. त्यात यांनी जन्मभर उन्हात वाळवणं घातलेली, मग आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधारच उरत नाही. म्हणून तर डाग कोपरापासून पंजापर्यंतच आहेत, जिथे ऊन लागलं तिथे. बेटमन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८१८ सालीच हे लिहून ठेवलंय, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्या वर्षी. आपली भिशी अजून तिथवर पोचायचीय!

आणि रंग बघ त्यांचा. तुला-मला मुका मार लागला तर हिरवा-पिवळा होत जातो. हे डाग जांभळेच राहतात, हळूहळू विरतात आणि मागे तपकिरी झाक ठेवून जातात. शिवाय आजींना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. नाही गं बाई, गोळी बंद करा असं त्यांना चुकूनही सुचवू नकोस, ते डॉक्टरांचं काम. हां, कारण नसताना अंगभर डाग उठायला लागले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर मात्र लगेच दाखवायचं.

म्हणजे सगळ्याच सुना देवता असतात असं माझं म्हणणं नाही हो! गालावर, कानामागे, पाठीवर वळ दिसले, दंडाच्या आतल्या बाजूला बोटं उमटली आणि घरच्यांसमोर म्हातारी गप्प बसली, तर मी स्वतः तिला एकटीला गाठून विचारीन. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे, तोही फिरवीन. पण इथे तसं नाही. त्यांची सून परवा रडत माझ्या दारात आली होती.

झालं काय, आजींचा हात दाराच्या गंजक्या कडीला घासला आणि कातडी सोलून निघाली. लेकानं हळद भरली, भाडेकऱ्यानं वर कॉफी पावडर दाबली आणि त्यावर चिकटपट्टी! ती काढताना पट्टीबरोबर चांगली कातडीसुद्धा निघाली. मला असा राग आला!

अशा वेळी स्वच्छ फडकं दाबून हात उंच धरायचा, दहा मिनिटं. थांबलं का, थांबलं का म्हणून मध्ये उघडून बघायचं नाही. मग नळाच्या बारीक धारेखाली धुवायचं, डेटॉल नको नि फेसाळणारं औषधही नको. सोललेली कातडी कात्रीनं कापायची तर मुळीच नाही. ओल्या गॉझनं हलकेच मूळ जागी सरकवायची, तीच जखमेचं झाकण. वर मेडिकलमध्ये मिळते ती व्हॅसलीनची जाळी आणि सैलसर बँडेज. चिकटपट्टी लावायची ती बँडेजवर, अंगाला नाही. आम्ही बँडेजवर पेनानं बाणसुद्धा काढायचो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सोडणारीला कळतं कुठल्या दिशेनं सोडायचं, नाहीतर सरकवलेली कातडी पुन्हा उलटी उचकटते. कडी गंजकी होती, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगायला पाठवलं. कुणालाच आठवेना, मग दिलं त्यांनी.

आता लाली पसरली, पू झाला, ताप आला तर थांबायचं नाही. मधुमेहवाल्याच्या पायाला साधा ओरखडा असला तरी दाखवायचा. आणि पातळ रक्ताची गोळी घेणारं माणूस डोक्यावर आपटलं, तर टेंगूळ सुपारीएवढं असो नाहीतर नसो, सरळ दवाखाना गाठायचा. आत रक्त साचलं तर ते उशिरानं कळतं.

एरवी रोज दोन वेळा त्यांच्या हातापायांना क्रीम चोळत जा, म्हटलं सुनेला. ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांमध्ये एवढं केल्यावर कातडी फाटायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. खोबरेल चालेल का, म्हणाली. चालेल, पण तळपायाला लावून फरशीवर फिरू देऊ नकोस, नाहीतर निस्तरत बसशील दुसरंच.

बरं, तुझ्या लेकाचे ते लांब फुटबॉलचे मोजे आखूड झालेत ना? दे की मला. पंजे कापून आजींच्या हातांत चढवते, कडी-कोयंड्याला घासले तरी मोजाच फाटेल. पण धुऊन दे गं बाई, त्या मोज्यांचा वास मला इथपर्यंत येतो!