किरकोळ धडकेनंतरची कार्यपद्धती

जिच्यात कोणाला लागत नाही, गाडीचा बंपर फुटतो आणि चूक समोरच्याची असते, ती किरकोळ धडक. दोन गाड्यांच्या धडकेत समोरचेही दोन असतात, त्यामुळे चूक करणारा सहसा सापडत नाही. पुढील व्यवहार चार टप्प्यांत पार पडतो.

१. रस्त्यावर

दोन्ही चालकांनी खाली उतरून आपापल्या बंपरवरून हात फिरवावा आणि मग ‘दिसत नाही का?’ असे विचारावे. या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते. तोवर पंच जमतात. त्यांतल्या एकानेही धडक पाहिलेली नसते; निकाल मात्र तयार असतो आणि तो मोठ्या गाडीच्या विरोधात जातो. सुनावणी चालू असतानाच नंबरप्लेट दिसतील असे दोन्ही गाड्यांचे फोटो काढून घ्यावेत.

कोणाला लागले असेल, तर धडक किरकोळ राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. बाकीची प्रकरणे ‘पाचशे द्या, विषय मिटवा’ या सूत्राने निकाली निघतात. पॉलिसीच्या अटींप्रमाणे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नसते आणि भरपाईही देऊ करायची नसते. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असताना ही संमती मागवण्याची प्रथा अद्याप रूढ झालेली नाही.

२. हिशेब

क्लेम करण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, नवा बंपर ६,००० रुपयांचा आणि रंगकाम ४,००० रुपयांचे आहे. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे ३,००० मिळतात. रंगकामाच्या एकत्र बिलातला चौथा हिस्सा मालाचा धरून त्यावर ५० टक्के घसारा कापतात, उरतात ३,५००. गाडी १५०० सीसीपर्यंतची असेल, तर सक्तीचा १,००० रुपयांचा वाटा मालकाचा. हाती येतात ५,५००.

आता दुसरी बाजू. सलग पाच वर्षे क्लेम न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. मूळ हप्ता १२,००० असेल, तर एका क्लेमने ६,००० रुपयांची सवलत जाते आणि बोनसची शिडी पुन्हा शून्यापासून चढावी लागते. म्हणजे ५,५०० मिळवण्यासाठी पहिल्याच वर्षी ६,००० मोजले. हा व्यवहार समजूनही क्लेम करणाऱ्यांचा युक्तिवाद एकच असतो : ‘इतकी वर्षे हप्ते भरलेत, वसूल नको करायला?’ ‘झिरो डेप’ घेतलेल्यांचा घसारा वाचतो. बोनस मात्र त्याने वाचत नाही, त्याचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते.

३. सर्व्हेअर

क्लेम करायचाच असेल, तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअरची वाट पाहावी. दरम्यान फॉर्मवर अपघाताचे वर्णन लिहायचे असते. ‘अचानक कुत्रे आडवे आले’ हे वाक्य लोकप्रिय आहे, कारण कुत्र्याचा जबाब कोणी घेत नाही. मात्र बंपरला चिकटलेला दुसऱ्या गाडीचा पांढरा रंग कुत्र्याचा नव्हे, हे सर्व्हेअर अंगठा फिरवताच ओळखतो, आणि खोट्या माहितीमुळे क्लेम फेटाळला जाऊ शकतो. मागच्या दारावरचा जुना पोचाही याच बिलात बसवण्याचा मोह टाळावा. चरा जुना असला की त्यातला गंज बोलतो.

४. गॅरेज

‘कॅशलेस’ याचा अर्थ खिशाला हात लागणार नाही असा नाही. घसारा, सक्तीचा वाटा आणि वेगळे संरक्षण नसल्यास नट-बोल्ट, क्लिपा, ग्रीस यांचे पैसे मालकच भरतो. गाडी ‘परवा’ मिळते. परवा विचारल्यावर पार्ट यायचा असतो. पार्ट आल्यावर पेंटर गावाला गेलेला असतो.

गाडी उन्हात उभी करूनच ताब्यात घ्यावी, कारण रंगातला फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही. बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, दिवे लागतात का, डिकीत जॅक आणि स्टेपनी आहे का, हे पाहावे. काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही त्यानंतर करायची असते. गॅरेजचा आग्रह ती आधी उरकण्याचा असतो.