श्री. रुपये पन्नास यांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय रुपये पन्नास (फक्त),
मुक्काम कलम 11, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960

स.न.वि.वि.

महाराष्ट्र राज्याचा आणि तुमचा जन्म एकाच सालचा. वडापाव महागला, लोकलमध्ये विनातिकीट सापडलं तर किमान अडीचशे मोजावे लागतात. तुम्ही मात्र जागचे हललेला नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास, म्हणजे घासाघिशीलाही जागा ठेवलीत!

परवा उसाची गाडी चढावर अडली होती. जुवाखाली बैलाचा खांदा सुजून फुटलेला, त्यावर माश्या, आणि मागून पराणीची आर टोचणं सुरूच. जखमी जनावर जुंपणं, जादा ओझं लादणं, मारणं, सगळं तुमच्याच कलमात बसतं. ठाण्यात विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘अदखलपात्र आहे, एनसी घेतो.’ ठाणे अंमलदार चुकत नाही, कायदाच तसा आहे. आणि दंड झालाच तर तुम्ही निघणार उचल घेतलेल्या गाडीवानाच्या खिशातून. साखर कारखान्याच्या दारात जायची तुम्हालाही भीड पडत असावी.

तुमचे नातलग, भारतीय न्याय संहितेचे कलम 325, तापट आहेत: पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी भारतीय दंड संहितेत असताना ते काही जनावरांची आधी किंमत विचारायचे. जुलै 2024 पासून ती चौकशी बंद झाली. पण जनावर मेलं, त्याला विष घातलं, ते लुळं पडलं किंवा निकामी झालं तरच ते उठतात, आणि राहायला अजून मालमत्तेच्याच प्रकरणात आहेत. जुन्या दंड संहितेतलं कलम 377 तर नव्या घरात आलंच नाही. त्यामुळे प्राण्यावर लैंगिक अत्याचार झाला आणि तो धडधाकट वाचला, तर तीही फाइल तुमच्याच टेबलावर. पन्नास रुपयांत!

2014 साली जल्लीकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंड वाढवण्याबद्दल संसदेला सुचवलं. 2022 साली केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी मांडला. तुम्ही निर्धास्त राहिलात, आणि तुमचंच खरं ठरलं.

आपला,
एक सुटे पैसे बाळगणारा नागरिक

ता.क. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर तुम्हालाही कोर्टापर्यंत यायची तसदी नाही. पुरावा तोवर बैलबाजारात विकून झालेला असतो.