सरांचा डबा

"वहिनी, सरायनं आज दार बसवलं वं!"

"कायले?"

"डब्याले. दुसरं कायले बसवतीन? या अथी, माह्या इथून चांगलं दिसते."

वहिनी अंबाडीची जुडी हातात घेऊनच भिंतीशी आल्या. आमच्या साईनगरात घरांवर मजले चढले, फाटकं बदलली, पण दोन घरांमधली ही भिंत कोणी छातीच्या वर नेली नाही. तिच्यावर कोपर टेकलं की समोरच्या सरांचं अंगण सरळ डोळ्यांत येतं, आणि यंदाच्या पावसाळ्यापासून त्या अंगणात बघण्यासारखं पुष्कळ आहे.

सर म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले फिटर ट्रेडचे सर. निवृत्तीनंतर काही महिने लेकीकडे अमेरिकेत राहून आले. तिथून लोक चॉकलेटं आणतात, सरांनी एक नकाशा आणला. कारमागे ओढायची दोन चाकांची एवढीशी खोली: पुढून गोल, मागे उतरत गेलेली, आत नुसती गादी. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली ओटा. तिकडे १९३०च्या दशकापासून लोक असल्या गाड्या घरच्या घरी ठोकत आलेत. महायुद्ध संपल्यावर तर मासिकांतून त्यांचे नकाशे छापून यायचे. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'मध्ये आलेला नकाशा हौशी मंडळी अजून शोधून काढतात म्हणे. सरांकडे त्याची झेरॉक्स आहे, लॅमिनेट केलेली.

"अन् सांगाडा कुठून आणला, माहीत हाय का?" वहिनींनी विचारलं. माहीत त्यांना होतंच. मला टोचायचं होतं, कारण माझं माहेर अकोला.

"हाव, अकोल्याहून. तुमच्या अमरावतीत भंगारबी धड भेटत नाई, त्याले कोन काय करन?"

जुन्या जीपमागचा दोनचाकी ट्रेला होता तो. कुणाच्या तरी वावरात पडून पडून त्याच्या तळातून बाभूळ वर आली होती, ती तोडून भंगारवाल्यानं तो उचलला. अमरावती-अकोला रस्ता आता सगळ्या जगाला माहीत झालेला. जून २०२२मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबराचा सलग पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव गेलं. सरांचा ट्रेला त्याच रस्त्यानं आला, पण टेम्पोत बसून. टोचन लावून आणायचा त्यांचा बेत होता. मात्र चाकं फिरायलाच तयार नव्हती.

ती का फिरत नव्हती, हे सरांनी आम्हा दोघींना मुद्दाम बोलावून दाखवलं. हबचं झाकण हातोडीनं ठोकून काढलं, तर आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालेलं आणि बेअरिंग त्यात रुतून बसलेलं. सरांनी ते घासलेटात भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी ब्रशनं घासलं, उजेडात धरून नखानं चाचपलं आणि "गेलं" म्हणून बाजूला ठेवलं. नवं आणलं. ते बसवायच्या आधी तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहिले, दुसऱ्या बाजूनं ग्रीस डोकावेपर्यंत. मॅडम दारातून ओरडल्या, "त्या हातानं फडक्याले शिवू नोका, सांगून ठेवते!" त्याच फडक्याला हात पुसले गेले, हे भिंतीवरून सगळ्यांनी पाहिलं.

कमानपाट्यांची गोष्ट मला जास्त आवडली. तो ट्रेला ओझ्यासाठी केलेला, म्हणून पाटे कडक. वर येणार चारशे-पाचशे किलोचा डबा. तेवढ्याशा वजनाला ते पाटे दबणारच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्यात डबा उडेल, स्क्रू ढिले होतील, असं सरांचं म्हणणं. म्हणून दोन पानं काढून टाकली. काढलेली पानं भिंतीला टेकून उभी आहेत, वहिनींची नजर त्यांच्यावर आहे. पाट्याच्या लोखंडाचा विळा फार दिवस टिकतो.

मग प्लायवूड आलं. आठ बाय चारची पानं आपल्याकडेही तीच, अमेरिकेतही तीच. एका पानातून डब्याची एक बाजू निघते, म्हणून तर हा नकाशा इथल्या अंगणात उतरू शकला. गोलाई आखायला सरांनी लाइट फिटिंगची केसिंगपट्टी घेतली, खिळे ठोकून वाकवली आणि मॅडमना दुसरं टोक धरायला सांगितलं. मॅडम शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पट्टी धरली आणि "थोडी खाली, थोडी खाली" करत गोलाई स्वतःच्या मनासारखी करून घेतली. छपराला पातळ प्लाय ओली करून वाकवली, तिच्या आणि वरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या मध्ये थर्मोकोल.

"थर्मोकोलनं काय होते?" वहिनी म्हणाल्या. "मे महिन्यात अकोल्यात ४५च्या वर जाते. त्यात झोपन त्याचा रोडगा होईन."

"मे महिन्यात कोन जाते तथी? सरायले हिवाळ्यात चिखलदऱ्याले जाचं हाय. दोघंच. सकाळी मागचं झाकन उघडाचं, चहा ठेवाचा, धुकं पाहाचं."

"दोघंच?"

वहिनींनी हा शब्द असा उच्चारला की जणू सरांनी काहीतरी लपवून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मलाही तो चमत्कारिकच वाटला. आमच्या वऱ्हाडात बाहेर मुक्कामाला दोघं जात नाहीत, खटलं जातं. सोबत आत्या, साळा, साळ्याची पोरं, शेजारची एक म्हातारी, आणि निघताना आठवलेली मोठी हंडी.

मुक्काम म्हटला की आमच्याकडे बहिरम. चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. २० डिसेंबरला यात्रा भरते आणि महिनाभराहून अधिक चालते. दर्शन थोडा वेळ, मुक्काम खरा. लोक राहुट्या ठोकतात, गोवऱ्या पेटवतात, मातीच्या हंडीत मटण शिजतं आणि निखाऱ्यात रोडगे पुरले जातात. पूर्वी हे सगळं बैलगाड्यांनी जायचं. माणसांची दमणी पुढे, सामानाची गाडी मागे. दमणीत खाली कुटार, त्यावर गादी, वर तट्ट्याचं आच्छादन. बाया-पोरं आत, गडी धुरेवर. रात्री बैल सोडले की तीच दमणी झोपायची खोली. आता सांगा, सरांच्या डब्यात याहून नवं काय आहे?

हे मी बोलले नाही, वहिनींचे सासरे बोलले. आबाजी नव्वदीला टेकलेत, सगळा जन्म बैलांमागे गेला. सर डब्याचं वजन तोलत होते. पुढच्या हुकाखाली अंघोळीच्या खोलीतला वजनकाटा ठेवलेला. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा, कमी आला तर वेगात मागचा डबा डोलायला लागतो आणि पुढच्या कारलाही हलवतो, असं ते मुलांना समजावत होते. आबाजी काठी टेकत गेले, डब्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "म्हंजे उलाळ व्हाले नाई पाह्यजे. अन् धुरजडबी नोको. हे तं आमाले पोट्टेपनी येत होतं. मागचं सामान पुढं घ्या."

सरांनी मागच्या ओट्याखालची पाण्याची टाकी काढून चाकांच्या पुढे नेली. वजनकाट्याचा काटा बरोबर जागी आला. त्या दिवसापासून आबाजी रोज सकाळी तपासणीला जातात आणि चहा तिकडेच घेतात.

पण गाडी अडली ती कागदावर. ट्रेल्याचे कागद भंगारवाल्याकडे नाहीत. सरांना आधी वाटलं, इंजिनच नाही तर नोंदणी कशाची? मोटारीनं ओढायचा ट्रेलर हेसुद्धा १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं वाहनच आहे. कलम ३९प्रमाणे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदलेल्या वाहनाचा मूळ घाट मनाला येईल तसा बदलणं कलम ५२ला चालत नाही. नवाच बनवला म्हणावं तर नमुन्याची मान्यता हवी, आणि त्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. मोठमोठ्या कारखान्यांसाठी केलेली ती वाट. एका अंगणातल्या एका डब्याला तिथे कोण उभं करणार?

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेही मॅडमनी वाचून काढलं. "ते धंदा करनाऱ्यायसाठी हाय," एवढंच सांगून त्यांनी चष्मा काढला.

मला यात एक गंमत दिसते, राग यावा अशी. घिसाडी, गाडीलोहार पिढ्यान्‌पिढ्या गाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरले. भाता, ऐरण, पोरं, कोंबड्या सगळं एका गाडीत. त्यांना गावाबाहेर थांबवलं, पोलीसपाटलानं नावं लिहून घेतली, आणि त्यांच्या फिरण्याला पर्यटन म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आता त्याच फिरण्याचं धोरण निघालं, पण अजून सरांच्या अंगणापर्यंत पोचलं नाही. असो. भिंतीवर एवढं गंभीर बोललं की वहिनी अंबाडी निवडायला लागतात.

"मंग आता एमएच-२७ नाई अन् एमएच-३०बी नाई. चिखलदरा बोंबलला म्हना," वहिनी देठं तोडत म्हणाल्या.

"सर म्हनते, रीतसर अर्ज करतो. दोन वर्षं लागू दे. तवरोक अंगनात."

"अन् मॅडम काय म्हनते?"

मॅडमचं म्हणणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. त्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या, झाकण वर केलं, शेगडीवर पातेलं ठेवल्यासारखा हात केला आणि म्हणाल्या, "म्हंजे पाऊस आला तं मी बाहेर भिजाचं अन् तुमी आत लोयाचं, असंच ना? अमेरिकेत हे कोन्या बाईनं चालवून घेतलं?" सरांनी तिकडे बहुतेक वेळा पुरुषच स्वयंपाक करतात असं सांगून पाहिलं. "मंग इथीबी करा," मॅडम म्हणाल्या आणि घरात गेल्या.

"बरोबर हाय," वहिनी म्हणाल्या. "अन् त्या दोन शेगड्यायवर रोडगे होते का? पाटा-वरवंटा कुठी ठेवाचा?"

"तेच तं सांगाले बलावलं तुमाले. बहिरमले नेऊन रायले डबा."

वहिनींच्या हातातली अंबाडी थांबली. "बिना नंबरचा?"

"चाकावर नाई. ४०७ भाड्यानं ठरवली, तिच्यावर चढवाचा. दोर बांधून, माल म्हनून. मालाले कुठं नंबर लागते?"

"बाप्पा! म्हंजे चाकं लावली, बेरिंग बदलवले, अन् जानार ट्रकात बसून?"

"अकोल्याहून तसाच आला, बहिरमले तसाच जाईन. आबाजीनं सुचवलं. अन् तुमाले ठावंच असन, आबाजीनं आतली गादीबी धरून ठेवली. थंडीचं राहुटीत पडलं तं कंबर धरते म्हने त्याइची."

"मले कोन्हीच नाई सांगितलं!" वहिनी आपल्या घराकडे वळून बघत म्हणाल्या. "म्हातारं रोज चहाले कायले जाते, ते आता समजलं. अन् सर? ते कुठी झोपतीन?"

"राहुटीत, आपल्या सगळ्यायसंगं. मॅडमनं सांगून टाकलं, हंडीजवळ रातभर एक मानूस लागते."

वहिनींनी जरा विचार केला. "आबाजी काही आठ फूट लांब नाई. पायथ्याशी जागा उरन. आपल्या दोन पेट्या अन् ते पीठ आजच त्या डब्यात ठेवून देऊ का? मागून सरायची आत्या आली तं मंग भेटनार नाई जागा."