हरवण्याचा अधिकृत नकाशा

परदेशात नव्याने गेलेला माणूस रेल्वेत हरवला, तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. इकडचे नातेवाईक फोनवर ‘अरे, पाट्या वाचायच्या ना!’ म्हणतात, तिकडचे जुनेजाणते ‘होतं सुरुवातीला’ म्हणून पाठ थोपटतात, आणि चूक वाचणाऱ्याची, यावर दोघांचंही एकमत असतं. लंडनपुरता तरी हा निकाल फिरवला पाहिजे. पाट्या न वाचणारा तिथे सहसा हरवत नाही. तो कुणाच्या तरी मागोमाग चालत जाऊन बरोबर पोचतो. हरवतो तो नकाशा मनोभावे वाचणारा. छापलेलं प्रत्येक अक्षर खरं मानायची शिस्त ज्याला शाळेपासून लागली, असा आपला हुशार विद्यार्थी किंवा आयटीतला अभियंता हे लंडनच्या भुयारी रेल्वेचं पहिलं सावज.

हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ साली हा नकाशा काढला, तेव्हा विजेच्या सर्किटच्या आकृत्या काढायची सवय त्याच्या हाताला होती. रेषा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत तिरक्या. स्थानकांमधली अंतरं साधारण सारखी. शहराचा गजबजलेला मध्यभाग फुगवलेला आणि उपनगरं आवळलेली. भुयारातल्या माणसाला डोक्यावर कोणता रस्ता आहे याच्याशी काय कर्तव्य, गाडी कुठे बदलायची ते कळलं की झालं, असा त्यामागचा विचार. साहेबांनी आधी तो नाकारला, १९३३ मध्ये भीतभीत छापला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. (जाता जाता: लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. म्हणजे मराठी माणसाने तिथे सभा, वर्गणी आणि बहुधा मतभेदही हा नकाशा छापून येण्याआधीच सुरू केले होते. लोक सभेला पोचतही असावेत.)

आता ही आकृती खरी मानली तर काय होतं ते पाहा. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम पाव किलोमीटर, आणि चेशम ते त्याच्या अलीकडचं चाल्फंट अँड लॅटिमर सहा किलोमीटरहून जास्त. नकाशात मात्र दोन्हीकडे बोटभर रेघ. प्रामाणिक वाचक पहिल्या ठिकाणी सरकत्या जिन्याने खाली उतरतो, गाडीची वाट पाहतो, मिनिटभर बसतो आणि वर येण्यासाठी लिफ्टच्या रांगेत उभा राहतो. लिफ्ट टाळायची तर १९३ पायऱ्या आहेतच. एजवेअर रोड नावाची स्थानकं दोन. ती एकमेकांना जोडलेली नाहीत, मध्ये भलामोठा रस्ता आहे. नुसतं एजवेअर हे तिसरंच, कित्येक मैल दूर. तिथे जाणाऱ्या नॉर्दर्न लाइनवर सगळ्या जाळ्यातलं सर्वांत दक्षिणेकडचं स्थानक आहे, आणि ती मध्येच दोन फाटे फोडून शहराखालून जाते, पुन्हा एकत्र येते, पुन्हा फुटते. योग्य लाइनच्या योग्य फलाटावर उभं राहून चुकीच्या टोकाला पोचण्याची अशी सोय फार थोड्या शहरांनी केली असेल. या सगळ्यावर पूर्वी एक उतारा होता. सर्कल लाइनच्या गाडीत चुकून बसलं तरी बसून राहायचं. कधी ना कधी आपलं स्थानक येणारच. डिसेंबर २००९ पासून तेही गेलं. ती लाइन आता हॅमरस्मिथला सुरू होते, एक फेरी मारते आणि एजवेअर रोडला संपते. होय, तोच एजवेअर रोड. दोहोंपैकी एक.

यावर जाणकार म्हणतील की भूगोलाशी इमान राखणारा नकाशा काढला तर मध्यभागी नुसता गुंता होईल आणि कुणालाच काही वाचता येणार नाही. मान्य. बेकची आकृती तिच्या कामापुरती अप्रतिम आहे, आणि पुढे जगभरच्या रेल्वेंनी तिचं अनुकरण केलं ते उगीच नाही. तक्रार एवढीच आहे, की तिच्यात सोयीसाठी केलेली लबाडी आत मुरलेल्यांना ठाऊक असते आणि नवख्याला कुणी सांगत नाही. मुरलेल्यांना तरी ठाऊक असते का? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या झान ग्वो यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते असं, की मार्ग निवडताना प्रवाशांवर प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशातल्या रेघेच्या लांबीचा पगडा जास्त असतो. म्हणजे जुना लंडनकरही रोज थोडा हरवतोच, फक्त ऑफिसात वेळेवर पोचत असल्याने त्याला ते कळत नाही. खुद्द वाहतूक खात्याला मात्र कळलं असावं. २०१५ मध्ये त्यांनी एक वेगळा नकाशा काढला, कोणत्या स्थानकापासून पुढच्या स्थानकाला चालत किती मिनिटं लागतात ते सांगणारा. रेल्वेनेच रेल्वेत बसू नका म्हणून छापील सल्ला द्यावा, हा कबुलीजबाब नव्हे तर काय? त्याआधी २००९ मध्ये त्यांनी टापटिपीच्या भरात नकाशातून थेम्स नदीच काढून टाकली होती. लोक खवळले, महापौर बोरिस जॉन्सन यांनी फर्मान काढलं, आणि नदी परत आली.

‘मोबाइल आहे की हातात!’ हा दुसरा आक्षेप. जमिनीखाली जीपीएस पोचत नाही, आणि मोबाइलचं नेटवर्क भुयारांत टप्प्याटप्प्याने येतं आहे. जिथे वाट चुकते नेमका तिथेच तो निळा ठिपका मौन धारण करतो. वर आल्यावर मात्र आपण कुठे चुकलो ते तो अचूक दाखवतो. असा सल्लागार आपल्या प्रत्येक कुटुंबात एक असतोच, त्यासाठी डेटा खर्चायची गरज नाही.

तिसरा आक्षेप देशाभिमानाला झोंबणारा: आपलं दादर काय मोठं सुबोध आहे? अजिबात नाही. पश्चिम आणि मध्य रेल्वे दोघींचे फलाट तिथे वर्षानुवर्षं एकपासूनच मोजले जात होते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले, तेव्हा कुठे ‘एक नंबर’ एकच उरला. पण दादरने कधी सुबोध असल्याचा दावा केला नाही, आणि दादरचा नकाशा चहाच्या मगवर छापून पर्यटकांना कुणी विकला नाही. ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्याकडून फसगत होत नाही. दादरला उतरणारा माणूस पुलावर पाय ठेवण्याआधी तिघांना विचारतो, तिघे तीन दिशा दाखवतात, आणि बहुमताने तो जातो.

शेवटी पैशांचं. लंडनमध्ये आत जाताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना राहिलं, तर सर्वाधिक भाडं कापलं जातं. मोठ्या स्थानकांत फाटकच अडवतं, पण डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्थानकांवर फाटक नाही, नुसतं एक यंत्र उभं असतं. गोंधळलेला माणूस मोकळी वाट दिसताच आनंदाने बाहेर पडतो, आणि त्या आनंदाची किंमत दुसऱ्या दिवशी खात्यात दिसते. बसचा हिशेब मात्र उदार आहे. कार्ड चढताना एकदाच टेकवायचं, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी भाडं एकाच बसचं. तीनदा उलट्या दिशेला जाऊन आलेला आणि थेट पोचलेला, दोघांना खर्च सारखाच. नवख्याने पहिला महिना हरवायचं ते बसनेच हरवावं.